दात्याची फाईल कुठे आहे?

मंडळी, किडनी मिळालेल्या माणसाबद्दल आज मी फारसं बोलणार नाही. त्याचं कौतुक होतंच. नवी किडनी टेबलावरच लघवी करायला लागते, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायची घाण, उतरतं, घरात पेढे येतात. मी बोलणार आहे ती किडनी देणाऱ्याबद्दल. रुग्णाला ऑपरेशननंतर बरं वाटायला लागतं. दात्याला ऑपरेशनपर्यंत बरंच वाटत असतं, दुखायला लागतं ते नंतर.

आपल्याकडे हा दाता बहुतेक वेळा बाई असते. २०२३ मध्ये देशात पंधरा हजारांवर जिवंत दात्यांनी अवयव दिले, त्यांत शंभरातल्या साधारण ६३ स्त्रिया होत्या. घेणाऱ्यांत मात्र पुरुषच जास्त. या आकड्यांवर तुम्ही घरी जाऊन विचार करा, मी पुढे जाते.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर इथून उठून कुणी घाबरून निर्णय फिरवायचं. बहुसंख्य दाते मनाने ठणठणीत राहतात. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देऊ, असंच त्यांतले बहुतेक सांगतात. जगभरच्या अभ्यासांतून हे दिसलंय. आज मला काळजी आहे ती उरलेल्या थोड्यांची.

दुर्बिणीतून किडनी काढली की दाता काही दिवसांत घरी जातो. पण थकवा कित्येक आठवडे रेंगाळतो आणि सुरुवातीचे काही आठवडे जड उचलायची मनाई असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. स्वयंपाकघराला तो आदेश लागू नाही. पाण्याची बादली तिथेच असते, लेकरू कडेवर घ्या म्हणत असतं. वर नातेवाईक येऊन म्हणतात, ‘साक्षात सावित्री हो!’ आता सावित्रीने कधी कुरकुर केल्याचं कुणी ऐकलंय का? मग ही तरी कशी म्हणणार, की टाके ओढतायत, झोप लागत नाही, उगाच रडू येतं?

२३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला किडनी दिली. किडनी प्रत्यारोपण पहिल्यांदा यशस्वी झालं ते हे. आदल्या रात्री रिचर्डने त्याला चिठ्ठी पाठवली होती, इथून निघ आणि घरी जा. रोनाल्डने उलट कळवलं, आलोय तो राहायला. रिचर्ड आणखी आठ वर्षं जगला, रोनाल्ड २०१० पर्यंत. डॉक्टर मंडळी त्या शस्त्रक्रियेबद्दल बोलतात, मला ती चिठ्ठी मोठी वाटते. घेणाऱ्यानेच देणाऱ्याला परतीचं दार उघडून दिलं होतं.

आमच्याकडे प्रत्यारोपणासाठी येणाऱ्या घरांत चिठ्ठी नसते, बैठक असते. थोरल्याला शुगर, धाकट्याची नोकरी नवी, आणि मग सगळे बायकोकडे नाहीतर आईकडे बघतात. जबरदस्ती कुणी करत नाही. नुसतं बघतात. असा अर्ध्या मनाने दिलेला होकार पुढे जड जाण्याची शक्यता जास्त. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत म्हटलंय की दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्या, तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळा. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात मी तिला एकटीला बसवते आणि सांगते, नको असेल तर तसं सांग. घरच्यांना आम्ही एवढंच कळवू, की ती दाता म्हणून योग्य ठरत नाही. काही जणींचे खांदे तिथेच सैल पडतात. आणि काही जणी खरोखर चिडतात, ‘मला द्यायचीच आहे, तुम्ही मध्ये का पडताय?’ या चिडणाऱ्यांची मला पुढे फारशी काळजी वाटत नाही.

सगळ्यांत कठीण वेळ येते ती किडनी बंद पडली तर. एका आईने मला विचारलं होतं, ‘माझीच किडनी खराब निघाली का हो?’ मुलाच्या शरीराने ती नाकारली होती, तिच्या किडनीत काही दोष नव्हता. हे डॉक्टरांनी मुलाला समजावलं, सुनेला समजावलं. आईला कुणी सांगितलंच नव्हतं. दात्याला दुःख होणारच, पण ही अपराधाची भावना टाळता येते, आणि ती टाळायला वाक्यं दोनच लागतात.

ओपीडीत एक दृश्य नेहमी दिसतं. नवरा तपासणीला आलेला असतो, शेजारी बायको त्याची जाडजूड फाईल मांडीवर घेऊन बसलेली. त्याच्या गोळ्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. त्याने काल लोणचं खाल्लं ही तक्रारही तीच करते, ‘माझी किडनी आहे, जरा जपून वापरा!’ सगळे हसतात. तुमची फाईल कुठे आहे, असं विचारलं की ती गोंधळते. घरी आहे, कपाटात. दात्यानेही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं असतं, आयुष्यभर. ती दर वेळी दवाखान्यात येते, पण त्याची सोबत म्हणून.

म्हणून मी दात्यांना वेगळी तारीख देते, रुग्णाच्या तारखेला जोडून कधीच नाही. त्या दिवशी फाईल मांडीवर घेऊन नवऱ्याने यायचं. रक्तदाब तिचा, सुई तिला, आणि झोप कशी लागते हे मी तिला विचारते तेव्हा त्याने बाहेर बाकावर बसायचं.