पंडिता रमाबाई: केडगावच्या वाटेवर

१८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं अन्नान्न करून मरत होती. पंडिता रमाबाई तिथं गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुलींना घेऊन परतल्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचे आई-वडील आणि बहीण अशाच उपासमारीत गेले होते. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून दौंडजवळच्या केडगावात शेतजमिनीवर मुलींची सोय झाली. तेच मुक्ती सदन. १९०० पर्यंत तिथं सुमारे १५०० जणी राहत होत्या. समाजानं वाळीत टाकलेल्या बायकांसाठी त्याच आवारात कृपा सदन उभं राहिलं.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, तो धडा रमाबाईंनी या शेतावर गिरवला. पण त्यांची नम्रता मुकी नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही, तिथल्या मठातल्या वडीलधाऱ्या सिस्टरांनी सांगितलं म्हणून एखादं मत त्यांनी मुकाट्यानं स्वीकारलं नाही. पत्रांवर पत्रं लिहून वाद घातला. त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवू नये, असं बिशपांचं म्हणणं पडलं. तेही त्यांना पटलं नाही. शाकाहार तर शेवटपर्यंत सोडला नाही. मला त्यांच्या श्रद्धेतला हा ताठ कणा फार मोलाचा वाटतो. सत्तेपुढे न वाकणारी ही बाई केडगावात मात्र आजारी पोरींच्या उशाशी बसत होती.

आणि मग बायबल. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली, विसाव्या वर्षी, त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं होतं. भारदस्त, संस्कृतप्रचुर भाषांतर त्यांना सहज जमलं असतं. पण खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला ते कळलं असतं का? तिच्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. या कामात कित्येक वर्षं गेली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या, पानं छापणाऱ्या हातांमध्ये मुक्ती सदनातल्या बायकांचे हात होते.