खाडीवरचा चष्मा

(रत्नागिरीत गरी, म्हणजे माशांचा गळ, टाकणाऱ्या हौशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या टेबलावर दोन पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारे, चष्मे आहेत. एक माझा, सात वर्षं वापरातला. दुसरा एका गिऱ्हाइकाचा, एका हंगामात कामातून गेलेला. तुम्ही बसलात तिथून दोन्ही सारखेच काळे दिसत असतील. नवे होते तेव्हा हातात घेऊनही तुम्हाला फरक कळला नसता, आणि खरी गोची तिथेच आहे. मी चष्म्याचं दुकान चालवतो आणि रविवारी भाट्याच्या खाडीवर गरी घेऊन उभा असतो. म्हणजे चष्मा विकणारा मीच आणि चष्म्यावर वैतागणाराही मीच.

पोलराइज्ड काच करते काय, हे कळल्याशिवाय ती टिकाऊ आहे की नाही हे विचारण्यात अर्थ नाही. म्हणून आधी जरा एका बोटीवर जाऊ.

सन १९२१. चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची निळाई बघून त्यांना राहवेना. तेव्हा ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत प्रमाण मानलं जाई, की खोल समुद्राची निळाई पाण्याची नव्हेच, ते आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्याकडे निकोल प्रिझम, म्हणजे अशी चमक कापणारा स्फटिक होता, हातात मावेल एवढा. तो डोळ्याला लावून त्यांनी विशिष्ट कोनातून पाण्याकडे पाहिलं. पृष्ठभागावरची चमक त्याने कापली. आता आकाशाचं प्रतिबिंब गेलं म्हटल्यावर निळाईही जायला हवी होती. झालं उलटंच, ती आणखी गडद झाली. रंग पाण्याच्या पोटातून येत होता. त्याबद्दलचं टिपण त्यांनी ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकाकडे पाठवलं, त्यावर ठिकाण आहे मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर. पुढे १९३० चं नोबेल मिळालं त्या कामाची वाट इथूनच सुरू झाली.

आपण खाडीवर चष्मा घालून नेमकं हेच करतो. त्यांना निळाई बघायची होती, आपल्याला तांबोशी मासा.

उजेड म्हणजे थरथरती लाट. तो सपाट पाण्यावर आपटून उसळला की त्याची थरथर बरीचशी आडव्या दिशेची होते. चष्म्याच्या काचेत एक पातळ पापुद्रा असतो. प्लास्टिकची फिल्म ताणायची आणि तिला आयोडीन पाजायचं. ताणल्यामुळे लांबलचक रेणू एका दिशेला ओळीने झोपतात आणि त्या दिशेची थरथर गिळून टाकतात. चष्म्यात या ओळी आडव्या ठेवतात, म्हणून आडवी चमक मरते आणि उभी थरथर आत येते. शाळेत याला उभ्या गजांच्या खिडकीची उपमा देतात. लक्षात ठेवायला ती सोपी आहे, पण रेणूंचा विचार केला तर बरोब्बर उलटी.

ही ताणलेली फिल्म एडविन लँड या अमेरिकन माणसाने १९३८ च्या सुमाराला आणली. त्याआधी तो बारीक स्फटिक वापरायचा. त्या स्फटिकांचा शोध लागला १८५२ मध्ये, इंग्लंडातल्या विल्यम हेरापाथ या डॉक्टरकडे. कोयनेल पाजलेल्या कुत्र्याच्या लघवीत त्याच्या विद्यार्थ्याने आयोडीन टाकलं आणि हिरवे चमकदार स्फटिक तयार झाले. तेव्हा पुढच्या वेळी कोणी फार महागड्या चष्म्याचा तोरा मिरवला, तर त्याला त्याचं मूळ सांगा.

आता कामाचं. सरसकट सगळी चमक या काचेने जात नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून नजर खाली गेली, तर चमक जवळजवळ पूर्ण मरते. कोनमापक कोण घेऊन जाणार? म्हणून सोपा हिशेब सांगतो. तुमचा डोळा पाण्यापासून जितका उंच, त्याच्यापेक्षा एक-तृतीयांश जास्त अंतरावर सगळ्यात स्वच्छ दिसतं. पाण्याच्या कडेला उभे असाल आणि डोळा पाच फुटांवर असेल, तर साधारण पावणेसात फुटांवर. जेट्टीवर उभे आहात आणि डोळा पंधरा फुटांवर आहे, तर वीस फुटांवर. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणारी जुनी माणसं होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, चढून उभी राहतात आणि ऊन पाठीशी घेतात, ती उगाच नाही. उंची वाढली की हा स्वच्छ पट्टा लांब सरकतो आणि रुंदही होतो.

याचा आपल्या किनाऱ्यावर एक तोटा आहे. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य समोर, पाण्याला टेकलेला, आणि तो सोन्याचा रस्ता थेट डोळ्यात येतो. तेव्हा उजेड पाण्याला घासून येतो आणि त्याची थरथर म्हणावी तशी आडवी होत नाही. उत्तमातला उत्तम चष्माही तिथे थोडंच कापतो, बाकी काम काचेचा काळेपणा करतो. सूर्याची चमक पूर्ण मारायची, तर सूर्यही ३७ अंशांच्या आसपास हवा. आपल्याकडे हिवाळा सोडला तर ते सकाळी नऊ-सव्वानऊला आणि दुपारी चारला होतं, हिवाळ्यात सकाळी सव्वादहा आणि दुपारी तीनच्या सुमाराला. “संध्याकाळी काहीच फरक पडत नाही, काच बोगस आहे” अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांची काच चांगली असते. आणि पावसात खाडी चहासारखी झाली की कोणताही चष्मा तळ दाखवत नाही. चमक पाण्यावर असते, गाळ पाण्यात.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. खाडीच्या उथळ पाण्यात, खडकांत, कांदळवनाच्या कडेला तपकिरी किंवा तांबूस काच बरी. तळ आणि मासा यांच्यातला फरक ती उठवून दाखवते. होडीने बाहेर खोल पाण्यात जाणार असाल तर राखाडी. निळी आरशासारखी काच देखणी दिसते, पण तो आरसा बाहेरच्या अंगाला असेल तर ओरखडे सगळ्यात आधी त्यालाच येतात. रंगापेक्षा काचेवरचा किंवा खोक्यावरचा आकडा बघा. ३ क्रमांकाची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, आपल्या उन्हाला ती पुरते. ढगाळ दिवसासाठी २ क्रमांक, १८ ते ४३ टक्के. ४ क्रमांकाची ३ ते ८ टक्केच सोडते. ती घालून गाडी चालवायची नाही, मग कितीही ऊन असो.

आता टिकण्याची गोष्ट. आपण प्लास्टिकलाही काच म्हणतो, तेव्हा आज ‘काचेची काच’ असा शब्द वापरावा लागेल. ती ओरखड्याला सगळ्यात दाद न देणारी, नजर सगळ्यात स्वच्छ, पण जड, आणि दगडावर पडली की संपली. सीआर-३९ हे प्लास्टिक बऱ्यापैकी स्वच्छ आणि हलकं, नंबराच्या चष्म्यात नेहमी असतं. पॉलिकार्बोनेट म्हणजे कारखान्यात डोळे राखायला वापरतात ते. मुळात मऊ, म्हणून त्याच्यावर कडक लेप लागतो, पण फुटत नाही. आणि स्वस्त चष्म्यांत बहुतेक वेळा टीएसी नावाच्या पातळ प्लास्टिकचे थर असतात: मधे ती फिल्म, दोन्ही बाजूंना पातळ पापुद्रे, सगळं चिकटवलेलं. हलकं असतं, पहिल्या दिवशी छानच दिसतं.

हा गिऱ्हाइकाचा चष्मा टीएसीचा आहे. कडेला बघा, बुडबुड्यांची रांग दिसेल आणि एका कोपऱ्यात इंद्रधनुष्य. पापुद्रे सुटलेत. हे मीठ, उष्णता आणि ओल यांचं काम. खारं पाणी फ्रेमच्या खाचेत बसतं, वाळतं, पुन्हा भिजतं. त्यात हा चष्मा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहायचा. चिकटवलेल्या कोणत्याही वस्तूला डॅशबोर्डसारखा वैरी नाही. फिल्म काचेच्या पोटातच ओतलेली किंवा साच्यात पॉलिकार्बोनेटबरोबर घडवलेली असेल तर ती सहसा सुटत नाही. दुकानदाराला हा एकच प्रश्न विचारा: फिल्म चिकटवलेली आहे की आत घडवलेली? उत्तर देता आलं नाही, तर काचेची कड उजेडात धरून स्वतः बघा. थर मोजता येत असतील तर समजून घ्या.

फ्रेम धातूची नको. सांगून सवरून खाऱ्या वाऱ्यात लोखंडी स्क्रू घेऊन जायचं कशाला? नायलॉनच्या जातीची फ्रेम, ती टीआर-९० नावाने मिळते, वाकते आणि परत येते. तिच्या बिजागरीचा स्क्रूही गंजतो, तो स्टेनलेसचा आहे का बघा. स्क्रूच नसलेली बिजागरी मिळाली तर आणखी बरं. नाकावरचं आणि काड्यांच्या टोकाचं रबर घामात घसरू नये इतकं हवं. मागे दोरी बांधायला लाजू नका. भाट्याच्या खाडीच्या तळाशी माझे दोन चष्मे आहेत, आणि ते आता खेकडे वापरतात.

इथे माझं मत ठाम आहे: खडकावरून गरवणाऱ्याने काचेची काच घेऊ नये, मग नजर कितीही स्वच्छ असो. माझ्या या सात वर्षांच्या चष्म्याच्या डाव्या काचेत एक खड्डा आहे. माझी गरी खडकात अडकली होती, मी जोर लावून ओढली, ती अचानक सुटली आणि दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं सरळ तोंडावर आलं. पॉलिकार्बोनेट होतं म्हणून खड्ड्यावर भागलं. मी आज तुमच्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघतोय ते त्या खड्ड्याच्या कृपेने.

मधेच कोणीतरी विचारलं ते बरं झालं: “पोलराइज्ड म्हणजे अतिनील किरण आपोआप थांबतातच ना?” नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिकार्बोनेट स्वतःच बहुतेक अतिनील अडवतं, पण इतर काचांना तो गुण द्यावा लागतो. यूव्ही ४००, म्हणजे अतिनील अडवणारी, असं लिहिलेलं असावं, आणि लिहिण्यावर विश्वास नसेल तर चांगल्या दुकानात मीटरवर मिनिटभरात तपासून मिळतं. गडद पण अतिनील न अडवणारी काच साध्या डोळ्यापेक्षा वाईट. अंधार वाटला की बाहुली मोठी होते आणि नको ते जास्त आत जातं.

कोळीवाड्यातल्या वयस्कर माणसांच्या डोळ्यांत तुम्ही वडस पाहिला असेल, नाकाच्या बाजूने बुबुळावर सरकत येणारा मांसल पडदा. ऊन, वारा, खारं पाणी यात आयुष्य गेलेल्यांना तो जास्त होतो. तो नाकाच्याच बाजूला का, याला कारण आहे. कानाच्या बाजूने तिरका आलेला उजेड बुबुळाच्या पुढच्या गोलाईतून वाकतो आणि पलीकडच्या कडेवर एकवटतो, भिंगाने कागद जाळावा तसा. समोरची काच कितीही भारी असली तरी बाजू उघडी असेल तर हा उजेड येतोच. समुद्राचा फेस पंचवीस टक्क्यांपर्यंत अतिनील परत फेकतो, कोरडी वाळू पंधराच्या आसपास. म्हणून डोळ्याला बाजूने लपेटणारी फ्रेम घ्या, किंवा काड्या चांगल्या रुंद. आणि डोक्यावर टोपी. टोपीला पोलराइज्ड म्हणून कोणी जास्त पैसे लावत नाही, हा एक फायदा.

नंबर असलेल्यांनी फार गोलाई असलेली फ्रेम घेऊ नये, कडेला जमीन वाकडी दिसते. मध्यम गोलाई घ्या. आणि चाळिशी लागलेल्यांनो, तंगूसला, म्हणजे गरीच्या नायलॉन दोऱ्याला, गाठ मारताना चष्मा कपाळावर, गरी दातात, असं किती दिवस करणार? खालच्या बाजूला वाचायचा नंबर असलेली पोलराइज्ड काच मिळते. ती घ्या आणि दातांचं काम दातांना करू द्या.

विकत घेताना दोन गोष्टी करून बघा. चष्मा हातात धरून लॅपटॉपच्या किंवा एटीएमच्या पडद्यासमोर फिरवा. पाव फेऱ्यात पडदा काळा व्हायला हवा. काही मोबाइलवर हे दिसत नाही, तेवढ्यावर चष्म्याला नावं ठेवू नका. मग चष्मा घालून दुकानाच्या चकचकीत फरशीकडे बघा आणि मान कडेला झुकवा. आधी एक डोळा मिटून, मग दुसरा. मान सरळ असताना दोन्ही डोळ्यांना चमक सगळ्यात कमी दिसायला हवी. एका डोळ्याला सरळ आणि दुसऱ्याला वाकड्या मानेने चमक कमी दिसत असेल तर फिल्म तिरकी बसलीय. असा चष्मा तासाभराने डोकं दुखवतो आणि माणूस उन्हाला दोष देतो.

होडीवर मासे शोधायचं यंत्र असेल तर त्याचा पडदाही चष्म्यातून काळा पडू शकतो. यंत्र बिघडलेलं नाही, मान तिरकी करा.

बास. आता हे दोन्ही चष्मे तुमच्यात फिरवतो, काचेची कड आणि माझा खड्डा बघून घ्या. माझ्या चष्म्यावर सकाळच्या खाडीचं मीठ अजून आहे, मुद्दाम धुतला नाही. समोर गोड्या पाण्याचं भांडं ठेवलंय. ज्याच्या हातात येईल त्याने आधी बुडवून खळबळा, मग फडकं लावा. कोरडा पुसलात तर मिठाचे खडे काचेवर फिरतील आणि मला नवा घ्यावा लागेल. तुम्हाला नवा लागेल तेव्हा मी आहेच, दुकान सोमवारी बंद असतं.