वाया गेलेली हालचाल

नमस्कार श्रोतेहो!

माध्यमांच्या अभ्यासाला एखादी मालिका लागली, की आपण आधी तिची गोष्ट लिहून काढतो. खाली लेवी-स्त्राऊस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाचं नाव टाकायचं, 'माणूस विरुद्ध यंत्र' असं द्वंद्व मांडायचं, की झालं विश्लेषण! 'ह्यूमन्स' ही मालिका मात्र अशी हाती लागत नाही.

एका स्वीडिश मालिकेवर बेतलेली ही ब्रिटिश मालिका चॅनल फोरवर जून २०१५मध्ये सुरू झाली. यातले 'सिंथ' म्हणजे घरकामाला ठेवलेले, हुबेहूब माणसासारखे यंत्रमानव. घरातली नोकरदार आई लॉरा कामासाठी बाहेरगावी असताना तिचा नवरा अनिता नावाची सिंथ विकत आणतो. लॉरा परतते, तर धाकट्या सोफीला रात्रीची गोष्ट अनिताकडूनच ऐकायची असते. का? तर ती घाई करत नाही!

विज्ञानकथा म्हणावी, तर इथे ना प्रयोगशाळा, ना स्फोट. एक पुस्तक, एक मूल आणि दाराशी अवघडलेली आई. कौटुंबिक मालिकेतलं जुनंच दुखणं, नोकरी करणाऱ्या आईची अपराधी भावना, यंत्राच्या तोंडून नव्यानं ठसठसतं. आणि राबणारं यंत्र बाईच्या रूपात, तीही चिनी वंशाच्या जेम्मा चॅन या अभिनेत्रीच्या चेहऱ्याचं, हेही नजरेआड करू नका. 'रोबोट' हा शब्द चापेक या चेक लेखकाच्या १९२०च्या नाटकातून आला. मूळ चेक शब्दाचा अर्थच वेठबिगार.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो देहाचा अभिनय. सिंथचे हिरवे डोळे ही ढोबळ खूण झाली. सिंथ झालेल्या नटांना हालचालींचं वेगळं शिक्षण दिलं होतं. आपण बोलता बोलता नाक खाजवतो, उगाच बाही ओढतो, या पायावरचा भार त्या पायावर घेतो. सिंथ यातलं काही करत नाही. म्हणजे यंत्रपण दाखवायला इथे काही जोडलेलं नाही, उलट वजा केलंय. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकानं १९७०मध्ये माणसासारख्या यंत्राकडे बघून वाटणाऱ्या ज्या अस्वस्थतेबद्दल लिहिलं, ती इथे या वजाबाकीतून येते.

प्रसिद्धीची शक्कलही बघा. मालिकेचं नाव न घेता 'पर्सोना सिंथेटिक्स' या खोट्या कंपनीची जाहिरात टीव्हीवर झळकली. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर तिच्या दुकानाचा दर्शनी भागही सजला. प्रेक्षक होण्याआधीच माणूस गिऱ्हाईक झाला होता.

आता एक करा. मालिकेचं सुरुवातीचं दृश्य आवाज बंद करून पाहा. अंधारं गोदाम, रांगेत निश्चल उभे सिंथ. त्यातली एकच मान वर करून चंद्राकडे बघते. घरकामात या हालचालीचा काडीचा उपयोग नाही.