रजिस्टरमधला पाहुणा

मुंबईत फोर्ट आणि कुलाबा भागातील जुन्या इमारतींमध्ये लहान, देखणी हॉटेले आहेत. खोल्या मोजक्या, सजावट निगुतीने केलेली आणि कर्मचारी पाहुण्याला नावाने ओळखणारे. 'बुटीक हॉटेल' निवडणारे अनेक जण याच आपुलकीसाठी चार पैसे जास्त मोजतात. मात्र जिथे सगळ्यांना सगळे पाहुणे ठाऊक असतात, तिथे पाहुण्याचा खासगीपणा अधिक जाणीवपूर्वक जपावा लागतो, आणि ते काम रिसेप्शनच्या काउंटरपासूनच सुरू होते.

काउंटरवर बहुधा एक मोठे रजिस्टर उघडे असते. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, कुठून आलात, कुठे जाणार, खोली क्रमांक, सही. सहीसाठी वाकले की वरच्या ओळीतील व्यक्ती कोण आणि कोणत्या खोलीत उतरली आहे, हे सहज वाचता येते. आपल्या मागून येणाऱ्याला आपली ओळही तशीच वाचता येणार असते. एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही गोष्ट मुळीच किरकोळ नाही.

त्यानंतर आधार कार्डाची झेरॉक्स मागितली जाते. पाहुण्यांची नोंद ठेवणे हे हॉटेलचे कर्तव्य आहे आणि परदेशी पाहुण्याची माहिती तर २४ तासांत प्रशासनाला कळवावी लागते, याबद्दल दुमत नाही. पण ओळखपत्र पाहून नोंद करणे वेगळे आणि त्याची प्रत कपाटात किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर पडून राहणे वेगळे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने, प्राधिकरणाकडून आधार वापरण्याचा परवाना न घेतलेल्या हॉटेलांना आधारच्या प्रती घेता किंवा ठेवता येत नाहीत, असे एका पत्रकात म्हटले होते. गैरसमज होईल, या कारणाने ते दोनच दिवसांत मागे घेण्यात आले. पाहुण्यांच्या मनातला संभ्रम मात्र कायम राहिला.

खोलीच्या दाराआडचा खासगीपणाही गृहीत धरता येत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि अक्सा परिसरातील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले. पैसे भरून बंद खोलीत राहिलेल्या सज्ञान व्यक्तींवर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याची कारवाई झाली, हे आजही अस्वस्थ करते. दोन वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला.

आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इतर कायद्यांनुसार जपून ठेवणे भाग नसलेली माहिती खोडून टाकण्याची मागणी पाहुण्याला करता येईल. तोवर फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे 'मास्क्ड आधार' पुढे करता येते, ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर हॉटेलचे नाव, तारीख आणि 'केवळ मुक्कामाच्या नोंदीसाठी' असे आडवे लिहून द्यावे, आणि ती किती दिवस ठेवली जाणार, हे तिथेच विचारावे.