बहुमत होतं, मतदान नव्हतं

श्रोतेहो, नमस्कार.

पार्किन्सन्सचा रुग्ण, मणक्याला मार लागून खिळलेला तरुण, रोज इन्सुलिन टोचून घेणारं मूल, ही माणसं संसदेतल्या एखाद्या विधेयकाकडे डोळे लावून बसतात, तेव्हा त्यांना वाटतं की अडचण असलीच तर बहुमताची असेल. अमेरिकेतल्या मूळ पेशींच्या, म्हणजेच शरीरातल्या इतर प्रकारच्या पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या स्टेम सेलच्या विधेयकाबाबत तसं नव्हतं. बहुमत जमलेलं होतं, मतदानच होत नव्हतं.

९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी धोरण जाहीर केलं. मानवी भ्रूणांपासून त्या तारखेपर्यंत तयार झालेल्या पेशींवरच सरकारी पैशाने संशोधन होईल, त्यानंतरच्या नाही. अशा पेशींचे साठहून अधिक संच जगात आहेत, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या यादीत आपल्या मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचंही नाव होतं. प्रत्यक्षात संशोधकांना वापरता आले ते जेमतेम एकवीस.

हे कुंपण हटवण्यासाठी रिपब्लिकन माइक कॅसल आणि डेमोक्रॅट डायना डिगेट यांनी २००५ मध्ये विधेयक आणलं. टेस्ट ट्यूब उपचारांनंतर उरलेले आणि एरवी टाकूनच दिले जाणारे भ्रूण, दांपत्याची लेखी संमती असेल आणि पैशाची देवघेव झाली नसेल, तरच वापरायचे, इतकीच त्यांची मागणी. प्रतिनिधिगृहात, म्हणजे तिथल्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, कोणतं विधेयक मतास येणार, हे बहुमतवाल्या पक्षाचे नेते ठरवतात. ते नेते विरोधात होते. तरी पक्षातल्या मवाळ सदस्यांनी रेटा लावला आणि २४ मे २००५ रोजी २३८ विरुद्ध १९४ मतांनी विधेयक मंजूर झालं.

आणि मग सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, घोंगडं भिजत पडलं. जवळजवळ चौदा महिने!

सिनेटची रीत समजून घ्यायला हवी, कारण सगळी मेख तिथे आहे. तिथलं कामकाज बहुतेक सर्वसंमतीने चालतं. शंभरातल्या एकाही सदस्याने हरकत घेतली तर वाट लांबते आणि चर्चा संपवायलाच साठ मतं लागतात. बहुमताचे नेते होते बिल फ्रिस्ट, स्वतः हृदयरोपण करणारे शल्यविशारद. २९ जुलै २००५ रोजी त्यांनी सभागृहात उभं राहून विधेयकाला पाठिंबा दिला. कार्यक्रमपत्रिका त्यांच्याच हातात, तरी मतदानाला पुढचं वर्ष उजाडलं. त्याच काळात सिनेटर आर्लेन स्पेक्टर कर्करोगाशी झुंजत होते. केमोथेरपीने केस गेलेल्या अवस्थेत ते या विधेयकासाठी बोलत राहिले.

अखेर जून २००६ मध्ये तोडगा निघाला. तीन विधेयकं एकत्र घ्यायची, एकातही दुरुस्ती सुचवायची नाही आणि प्रत्येकाला साठ मतांची अट. जोडीला घेतलेल्या दोन विधेयकांवर कुणाचाच आक्षेप नव्हता, दोन्ही १०० विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली. भ्रूणापासून पेशी काढण्यास विरोध असल्याने मूळ विधेयक नाकारणाऱ्यांना त्यामुळे संशोधनाच्या बाजूने एक मत नोंदवण्याची सोय मात्र झाली. १८ जुलैला मूळ विधेयकही ६३ विरुद्ध ३७ ने मंजूर झालं. दुसऱ्याच दिवशी बुश यांनी ते नाकारलं. साडेपाच वर्षांच्या कारकिर्दीतला हा त्यांचा पहिला नकाराधिकार. तो उलटवायला दोन तृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधिगृहात २३५ विरुद्ध १९३ मतं पडली, म्हणजे बहुमत असूनही पराभव. २००७ मध्ये दोन्ही सभागृहांनी पुन्हा विधेयक मंजूर केलं, पुन्हा नकार आला.

भ्रूण म्हणजे जीव, अशी ज्यांची मनापासून श्रद्धा आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी उभं राहून विरोधात मत द्यावं, तो त्यांचा हक्कच आहे. पण मतदानच लांबवलं की कुणी काय ठरवलं, हे मतदाराला कळत नाही आणि रुग्णाला जाब कुणाला विचारायचा हेही उमगत नाही. त्या चौदा महिन्यांत ज्यांचा आजार बळावला, त्यांना निदान स्पष्ट नकार तरी वेळेवर मिळायला हवा होता.

९ मार्च २००९ रोजी बराक ओबामा यांनी बुश यांचं बंधन उठवलं, तेही आदेश काढून. कायदा झालाच नाही. भ्रूण नष्ट होईल अशा संशोधनाला सरकारी पैसा देण्यास मनाई करणारं १९९६ चं कलम मात्र त्यानंतरही दरवर्षी खर्चाच्या विधेयकाला जोडलं जात राहिलं. त्याच्याच आधारे २०१० मध्ये एका न्यायाधीशाने नव्या धोरणाला स्थगिती दिली. ती वरच्या न्यायालयात टिकली नाही, पण तो दावा पूर्ण मिटायला २०१३ साल उजाडलं.