आत्तींचं केळं आणि धातूचं कार्ड

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय क्रेडिट कार्ड. बिल वेळेवर भरा हे सांगायला मी आलेलो नाही, ते तुमच्या घरात कोणी ना कोणी सांगतच असणार. मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेली पोरं ज्याचा फॉर्म भरून घेतात, ते कार्डही आज बाजूला ठेवू. आज बोलायचं ते वरच्या, अगदी वरच्या कार्डांबद्दल. काळी, जड, काही तर चक्क धातूची. अर्ज करून मिळत नाहीत, बँकेचं आमंत्रण यावं लागतं, असं ज्यांच्याबद्दल सांगतात ती.

या कार्डांचा जन्मही मजेशीर आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत वदंता होती की अमेरिकन एक्सप्रेस कंपनी मोजक्या बड्या लोकांना गुपचूप एक काळं कार्ड देते. तसं काही नव्हतंच. पण लोक विचारायचे थांबेनात, तेव्हा 1999 साली कंपनीनं सेंचुरियन नावाचं काळं कार्ड खरोखरच काढलं. अफवेतून निघालेला माल आजही मानानं मिरवतोय. आपल्याकडे आता बऱ्याच मोठ्या बँकांची अशी वरची कार्डं आहेत. वर्षाची फी दहा-बारा हजारांपासून सुरू होते आणि काहींची साठ हजारांच्याही वर जाते. फीवर 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे साडेबारा हजारांचं कार्ड घरात येतं ते 14,750 रुपयांना. वर्षभरात ठरावीक खर्च केलात तर पुढची फी माफ होते. हा ठरावीक खर्च म्हणजे दहा लाख, कुठं पंचवीस लाख.

मग हे मिळतं कुणाला? आणि मिळाल्यावर त्यातून आपल्या हाताला लागतं काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देतो, लक्षात ठेवा: कागदावरचं उत्पन्न. गाडी कुठली, बंगला किती मजली, चौकात तुमच्या वाढदिवसाचे फ्लेक्स किती, यातलं बँकेला काही दिसत नाही. (फ्लेक्सचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या चौकात हल्ली सिग्नल दिसत नाही. लाल की हिरवा ते कुणाच्या तरी भावी नगरसेवकपदाच्या आड गेलेलं असतं. असो.) बँक बघते ते कागदावरचं उत्पन्न.

आता आबांची गोष्ट सांगतो. आबा माझ्या ओळखीचे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्री, भावाभावांची भागीदारी. चाळीस-पन्नास माणसं कामाला. मी बँकेत होतो तेव्हापासूनचे ते मला साहेब म्हणतात, आता निवृत्त झालो तरी म्हणतात. त्यांचा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. गणपतीला गावी आला आणि जेवताना त्यानं खिशातून एक कार्ड काढून ताटाशेजारी ठेवलं. ठक्क असा आवाज झाला. धातूचं. बँकेनं स्वतः फोन करून दिलं म्हणाला.

आबांचा घास तिथंच अडला. "काल शेंबूड पुसत हुता ह्यो, आणि ह्याला बँक फोन करती! आणि आमी दरम्हैन्याला एवढे पगार वाटतोय, आमाला कोण इचारना!"

दुसऱ्या दिवशी आबा बँकेत. मॅनेजरनं चहा पाजला, अर्ज घेतला आणि पंधरवड्यात नकाराचं पत्र आलं. आबा ते पत्र घेऊन थेट माझ्या घरी. "साहेब, ह्यास्नी आमची फौंड्री दिसत न्हाई काय?"

मी त्यांचं आयकराचं रिटर्न मागवलं आणि सगळा उलगडा झाला. उलाढाल फर्मची. कर भरते फर्म. भागीदाराला नफ्याचा जो वाटा मिळतो तो त्याच्या स्वतःच्या हातात करमुक्त असतो, कारण त्यावरचा कर फर्मनं आधीच भरलेला असतो. त्यामुळं आबांच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये करपात्र म्हणून दिसत होता तो फक्त त्यांचा मेहनताना. वर सीएनं कसबानं बसवलेल्या वजावटी. राहिलं काय, तर हायस्कूलच्या शिक्षकापेक्षा कमी. पुतण्याचा पगार मात्र दरमहा बँकेत जमा होतो आणि कंपनी देते त्या पगाराच्या दाखल्यावर, फॉर्म सोळावर, पैसा न् पैसा छापून येतो. म्हणून फोन त्याला. श्रोतेहो, पुन्हा सांगतो, कागदावरचं उत्पन्न. कर वाचवायला लहान दाखवायचं आणि कार्ड मागताना मोठं, हे एकाच कागदावर जमत नाही.

आबा जिद्दीचे. सीएला सांगून मेहनताना वाढवून घेतला, कर भरला, दोन वर्षं रिटर्न वेळेत. त्याच बँकेचं मधल्या पायरीचं कार्ड घेतलं, लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापरलं, बिल पूर्ण भरलं. उधारी कशी फेडता ते सांगणारा सिबिलचा आकडा 300 ते 900 च्या मध्ये असतो, त्यांचा साडेसातशेच्या वर गेला. आणि एक दिवस आला की फोन. डबा आला, मखमल लावलेला. आबा तो डबा घेऊन संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर. कार्ड हातोहात फिरलं. एकानं कट्ट्याच्या फरशीवर आपटून बघितलं, म्हणाला, "वाजतंय की वो!" दुसऱ्यानं विचारलं, "आबा, हे मोडीत घालाय गेलं तर किती येतील?"

खरी गंमत पुढं आहे. आबांनी दुबईची सहल काढली. आबा, वहिनी, दोन भाऊ, दोघांच्या बायका, मेव्हणा आणि आत्ती. आठ जणं. पुतण्यानं सांगितलेलं होतं की या कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये, म्हणजे आरामात बसायच्या खास दालनात, खाणंपिणं फुकट, कितीही वेळा जा. आबांनी घरात जाहीर केलं, "कुणीबी डबा घ्यायचा न्हाई. कार्डावर जेवायचं." कोल्हापूरहून गाडीनं निघाले, मुंबईचा विमानतळ गाठला आणि आठही जणं लाउंजच्या दारात.

दारातल्या मुलीनं कार्ड घेतलं, यंत्रात घातलं आणि विचारलं, "सर, गेस्ट किती?"

आबा म्हणाले, "गेस्ट कोण न्हाईत. सगळी घरचीच हायत."

ती हसली. यंत्रातून पावती काढली, आबांनी झोकात सही केली. पावतीवर इंग्रजीत लिहिलं होतं, पाहुणे सात.

आत बुफे. आता बुफेबद्दल माझं मत तुम्हाला माहीतच आहे. माणसानं पंगतीत बसावं, वाढप्यानं आग्रह करावा, आपण ताटावर हात आडवा धरावा. हातात प्लेट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आपलं आपण वाढून घ्यायचं, त्याला जेवण म्हणत नाहीत. पण मंडळी जेवली. मेव्हणे तीनदा जाऊन आले. प्रश्न होता आत्तींचा. त्या दिवशी नेमकी संकष्टी. आत्तींचा उपास चंद्रोदयाला सुटायचा. त्यांनी कालनिर्णय बघून वेळ पाठ करून आणली होती, ती कोल्हापूरची. मुंबईला काही मिनिटांचा फरक पडतो, तो किती हे कुणालाच सांगता येईना. आणि लाउंजला खिडकी कुठली! आत्ती दर पाच मिनिटांनी येणाऱ्याजाणाऱ्या वेटरला विचारायच्या, "बाळा, चंद्र उगवला काय रं?" तो बिचारा कुठल्या तरी लांबच्या राज्यातला. त्यानं दोनदा पाणी आणून दिलं. शेवटी विमानाची घोषणा झाली तरी चंद्राचा पत्ता नाही. आत्तींनी तोवर खाल्लं होतं काय, तर एक केळं आणि अर्धा कप चहा.

दुबई झाली, फोटो झाले. पुढच्या महिन्याला स्टेटमेंट आलं. त्यात एक ओळ, लाउंज, पाहुण्यांचे प्रवेश सात. माणशी सत्तावीस डॉलर, त्यावर जीएसटी. सगळे मिळून अठरा हजारांच्या वर! आबा पुन्हा माझ्या घरी. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "साहेब, बाकीच्यांचं जाऊ द्या. आत्तीचं केळं सव्वीसशे रुपयाला पडलं."

नियमाप्रमाणं बँकेचं काही चुकलं नव्हतं. लाउंज फुकट होतं ते कार्डधारकाला. त्याच कार्डाच्या माहितीपत्रकात पुढच्याच पानावर लिहिलेलं होतं की तीन ॲड-ऑन, म्हणजे घरच्यांच्या नावाची जोडकार्डं बिनपैशाची मिळतील आणि त्यांनाही लाउंज फुकट. वहिनींच्या नावाचं एक आणि भावांच्या नावाची दोन अशी कार्डं जाण्याआधी काढली असती तर बिल जवळजवळ निम्मं झालं असतं. वहिनी बाजूलाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला इचारलं असतं तर मी घेतलं नसतं काय कार्ड? डबा दाखवाय तालमीत न्हेला, माझ्या हातात कुणी दिला?" यावर आबांकडे उत्तर नव्हतं.

तर श्रोतेहो, सवलत कुठलीही असू दे, तीन गोष्टी विचारायच्या. किती जणांना? किती वेळा? किती खर्चावर? हा तिसरा प्रश्न हल्ली महत्त्वाचा झालाय. आधीच्या तीन महिन्यांत अमुक एवढा खर्च केला असेल तरच पुढं लाउंज, अशी अट आता बऱ्याच कार्डांना लागली आहे. किती जणांना, किती वेळा, किती खर्चावर.

बाकीच्या सवलती भरभर सांगतो, वेळ आबांनी खाल्लाय. परदेशातल्या खर्चावर साध्या कार्डाला साडेतीन टक्के वरचा आकार लागतो, वरच्या कार्डांना कित्येकदा दोन टक्के. दोन लाख रुपये बाहेर खर्च केले तर तीन हजार वाचले. ही सवलत खरी, मला पटते. हॉटेलांची सभासदत्वं, एका हॉटेलसाखळीची फुकट रात्र वगैरे, ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांना उपयोगी. गोल्फचे डाव फुकट असतात. खासबागेच्या मैदानात कुस्तीला पहिल्या रांगेत बसवणारं कार्ड कुणी काढलं तर मी पहिला अर्ज करीन, गोल्फचं आपल्याला काय!

खर्चावर कार्डात पॉइंट साठतात, त्यांचं मात्र जपून. तोच पॉइंट काही कार्डांवर विमानाच्या तिकिटाला एक रुपयाचा धरतात आणि बिलातून वजा करायला गेलात तर तीस पैशांचा. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट यावर बऱ्याच ठिकाणी पॉइंट मिळतच नाहीत. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, दागिन्याला कार्ड पुढं केलं की काही दुकानांत वर दोन टक्के मागतात, मग कमावलं काय आणि घालवलं काय. आणि बिल पूर्ण भरलं नाही तर व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, वर्षाचे 42 ते 45. काही वरच्या कार्डांना दर कमी असतो, पण तेवढ्यासाठी कुणी बिल थकवू नये.

व्यापारी मंडळींनी आणखी एक ऐकावं. एका वर्षात कार्डांच्या बिलांपोटी दहा लाख किंवा त्याहून जास्त भरलेत, किंवा रोखीनं एक लाख भरलेत, तर बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. दहा लाखांच्या खर्चावर फी माफ म्हणून मित्रांची बिलं आपल्या कार्डावर फाडणारे मी पाहिलेत. रिटर्न सात लाखांचं आणि कार्डाचं बिल बारा लाखांचं, अशी नोटीस आली की सीएची फी त्या माफ झालेल्या फीपेक्षा जास्त होते.

अर्ज करण्याआधी आपला क्रेडिट रिपोर्ट मागवा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आणि चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद राहते.

कुणी न विचारता तुमचं साधं कार्ड वरचं करून दिलं आणि फी लावली तर? रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणं तुमची स्पष्ट संमती लागते. संमती नसताना लावलेली रक्कम बँकेनं परत करायची, आणि त्या रकमेच्या दुप्पट दंड तुम्हाला द्यायचा. नको झालेलं कार्ड बंद करायचं असेल तर थकबाकी शून्य करून तशी विनंती द्या. सात कामाच्या दिवसांत बंद झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे. विनंती ईमेलनं करा किंवा बँकेच्या ॲपवरून, म्हणजे तारीख तुमच्या हातात राहते. फी लागायच्या महिनाभर आधी करा. साठलेले पॉइंट त्याआधी वापरून टाका, कारण कार्ड बंद झालं की बहुतेक ठिकाणी तेही जातात.

आबांनी कार्ड ठेवलंय. वहिनींच्या नावाचंही आलंय, आणि ते त्यांच्या पर्समध्ये आहे. नमस्कार.