बॅकहँड आणि आजींचं कपाट

नमस्कार श्रोतेहो. इंदूरला टेबल टेनिस म्हटलं की पावलं अभय प्रशालकडे वळतात. तिथे नवी मुलं खेळताना पाहा, फोरहँड, म्हणजे तळहाताच्या बाजूने मारलेला फटका, कसा खणखणीत! चेंडू डाव्या कोपऱ्यात आला, की तिथे बॅकहँड, म्हणजे हाताची मागची बाजू पुढे करून मारायचा फटका, सोडून बाजूला सरकून फोरहँडच मारतात. मग उजवा कोपरा सताड उघडा.

यावरचा सगळ्यात छान उपाय मी पाहिला रामबागेतल्या एका घरात. बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल, मधे जाळीच्या जागी उभ्या केलेल्या वह्या. एका टोकाला आठवीतली नात, पलीकडे तिचे बाबा. आणि पोरीच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, आजींचं लोखंडी कपाट. ती सवयीने डावीकडे सरकली की खांदा कपाटावर, धाड्! आतून आजी: "अगं, आरसा फुटेल!" कपाट हलवा म्हणून पोरीने हट्ट धरला. आजी म्हणाल्या, "माझ्या लग्नापासून ते तिथंच आहे. तू नीट उभी राहा."

मग करते काय! पाय रोवले, बॅट पोटासमोर आणली आणि चेंडू समोरच गाठायला लागली. दिवाळीपर्यंत बॅकहँडवर हात असा बसला, की बाबा त्या कोपऱ्यात चेंडू टाकायचं टाळू लागले. मी गेलो तेव्हा आजी खुर्ची घेऊन दारात बसल्या होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या, "अठ्ठावीस, एकोणतीस, थांबू नकोस गं!"

तिने केलं तेच करायचं. कोपर अंगापासून जरा पुढे, मनगट सैल. पुन्हा सांगतो, कोपर पुढे, मनगट सैल. बॅटचं तोंड किंचित खाली. टप्पा घेऊन चेंडू वर आला, की अंगासमोरच गाठायचा आणि कोपरापासून हात पुढे उलगडायचा. खालून उचलायचा नाही. जाळी उंच ती किती, 15.25 सेंटीमीटर!

आणि आईबाबांनो, दहावी आली म्हणून बॅट माळ्यावर टाकू नका. मला ते मुळीच पटत नाही. संध्याकाळी अर्धा तास खेळल्याने कुणाचे मार्क गेलेले मी पाहिले नाहीत.

घरात असं कपाट नसेल, तर टेबलाची डावी बाजू भिंतीला लावा. डावखुऱ्यांनी उजवी.